बाबांच्या जुन्या लॅपटॉपची डिस्क नवीन विंडोजमध्ये उघडत नाही, ‘परवानगी नाही’ म्हणते

ओवीसंग्रह | मंगळवार, रात्री 9:40

नमस्कार मंडळी. बाबांचा 2011 सालचा लॅपटॉप आहे. 4 जीबी रॅम, 500 जीबीची हार्डडिस्क, विंडोज 7. गेली दोन वर्षं चालू व्हायलाच दहा मिनिटं घ्यायचा, म्हणून मागच्या आठवड्यात गावातल्या दुरुस्तीवाल्यांकडे दिला. त्यांनी आत 256 जीबीची एसएसडी घातली, तिच्यावर विंडोज 10 टाकलं आणि जुनी हार्डडिस्क डीव्हीडीच्या जागी कॅडीत बसवून दिली. लॅपटॉप आता छान पळतो.

पण जुन्या डिस्कवर ‘यूजर्स’मध्ये बाबांच्या नावाचं फोल्डर आहे, ते उघडत नाही. क्लिक केलं की परवानगी नाही, हवी असेल तर ‘कंटिन्यू’ दाबा, असं येतं. दाबलं की वर हिरवी पट्टी सरकायला लागते, अर्ध्यावर जाऊन थांबते आणि बऱ्याच वेळाने ‘सिक्युरिटी टॅब’ वापरा म्हणून सांगते. त्या टॅबमध्ये बाबांच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हाचं चित्र आणि ‘एस-1-5-21’ने सुरू होणारा लांबलचक आकडा दिसतो. नवीन विंडोजमध्येही युजरचं नाव तेच ठेवलंय, पासवर्डसुद्धा तोच. मग असं का?

त्या फोल्डरमध्ये बाबांनी 2011 ते 2016 या काळात आसपासच्या गावांतल्या बायकांकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्या आहेत. वर्डच्या फाइली आहेत आणि रेकॉर्डिंगं आहेत. गाणाऱ्यांतल्या कित्येक जणी आता नाहीत. माझ्या आईचाही आवाज त्यात आहे. बाबा गेल्या वर्षी गेले, त्यामुळे काय कुठे ठेवलंय हे विचारायलाही कोणी नाही. दुसरी कॉपी कुठेच नाही.

दुरुस्तीवाले म्हणाले, ‘टेकओन’, म्हणजे फाइलींची मालकी आपल्याकडे घेणारी कमांड, मारून बघू, नाहीतर फॉरमॅट करावी लागेल. फॉरमॅट हा शब्द ऐकला आणि लॅपटॉप उचलून घरी आले.

घाटमाथा | मंगळवार, रात्री 10:05

घरी आणलात हे फार चांगलं केलंत. फॉरमॅट अजिबात नको, परवानगीसाठी तर नकोच. कोणी काही सांगेपर्यंत लॅपटॉप बंद ठेवा आणि ‘कंटिन्यू’ पुन्हा दाबू नका.

कळफलक | मंगळवार, रात्री 11:30

ताई, मी नाशिकला हेच काम करतो, वीसएक वर्षं झाली. अशी डिस्क घेऊन महिन्याला दोघं-तिघं येतात, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

आधी तुमच्या ‘का’चं उत्तर. विंडोज नावाकडे बघतच नाही. खातं उघडलं की ते त्या खात्याला एक नंबर देतं, त्याला एसआयडी म्हणतात. तुम्हाला दिसलेला ‘एस-1-5-21’वाला आकडा म्हणजे बाबांच्या जुन्या खात्याचा नंबर. फोल्डरवर कुणाला आत सोडायचं याची जी यादी असते, तिच्यात नाव लिहिलेलं नसतं, हा नंबर लिहिलेला असतो. नवीन विंडोज टाकलं तेव्हा नाव तेच दिलंत, पण नंबर नवीन पडला. जुना नंबर कुणाचा हे नव्या विंडोजला ठाऊक नाही, म्हणून तिथे प्रश्नचिन्ह. पासवर्डचा यात काही संबंध येत नाही.

यादीत ‘अ‍ॅडमिनिस्ट्रेटर्स’ हा गटही असतो आणि त्याचा नंबर जगातल्या प्रत्येक विंडोजमध्ये एकच असतो, एस-1-5-32-544. त्यामुळे खरं तर तुम्हाला आत जाता यायला हवं. पण साधी फाइल-खिडकी उघडते तेव्हा तुमचे अ‍ॅडमिनचे अधिकार बाजूला काढून ठेवलेले असतात. ‘कंटिन्यू’ दाबल्यावर विंडोज काय करतं, तर आतल्या प्रत्येक फाइलच्या यादीत तुमचा नवा नंबर लिहीत सुटतं. ती हिरवी पट्टी म्हणजे हे लिहिणं. चौदा वर्षं चाललेल्या डिस्कवर, एकुलती एक प्रत असताना, हजारो ठिकाणी लिखाण करणं मला पटत नाही. ‘टेकओन’ही तेच करतं, फक्त जास्त जोरात.

म्हणून माझा आग्रह असा, की जुन्या डिस्कवरची परवानगी बदलायचीच नाही. आहे तशी ठेवून तिची कॉपी काढायची. विंडोजमध्ये त्यासाठी ‘रोबोकॉपी’ असतं, वेगळं काही टाकावं लागत नाही. त्यात बॅकअप मोड आहे. बॅकअप घेणाऱ्या माणसाला कुलपं आड येऊ नयेत म्हणून तो केलाय. तो यादी बघत नाही आणि मूळ डिस्कवरचं काही बदलतही नाही. नव्या जागी पडलेल्या फाइलींना त्या जागेची परवानगी लागू होते, त्यामुळे त्या सरळ उघडतात.

मोबाइलवरून देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी अक्षरं टाका. आधी एक चांगली बाहेरची डिस्क जोडा, एसएसडीवर कॉपी नको. मग स्टार्टमध्ये सीएमडी शोधा, उजवं क्लिक करून ‘रन अ‍ॅज अ‍ॅडमिनिस्ट्रेटर’. काळ्या खिडकीत रोबोकॉपी, स्पेस, जुन्या फोल्डरचा पत्ता अवतरणात, स्पेस, नव्या जागेचा पत्ता अवतरणात, आणि मग हे: स्लॅश ई म्हणजे आतली सगळी फोल्डरं, रिकामीसुद्धा. स्लॅश बी म्हणजे बॅकअप मोड. स्लॅश एक्सजे, याचं कारण खाली सांगतो. स्लॅश आर कोलन 1 आणि स्लॅश डब्ल्यू कोलन 1. हे शेवटचे दोन विसरू नका. ते दिले नाहीत तर एखादी फाइल वाचता आली नाही की रोबोकॉपी दर तीस सेकंदांनी, दहा लाख वेळा प्रयत्न करत बसतं. एकदाच प्रयत्न कर आणि पुढे जा, असं आपण त्याला सांगतोय.

एक्सजे कशाला? जुन्या प्रोग्रामांसाठी विंडोजने काही खोटी दारं ठेवलेली असतात. ‘डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज’ हे त्यातलं एक, ते प्रत्यक्षात ‘यूजर्स’लाच नेतं. ‘अ‍ॅपडेटा’च्या आतलं ‘अ‍ॅप्लिकेशन डेटा’ तर फिरून स्वतःच्याच बापाकडे येतं. या दारांवर मुद्दाम बंदी घातलेली असते. लोक ती ‘परवानगीचा प्रॉब्लेम’ समजून टेकओनने उडवतात आणि मग कॉपी गोल गोल फिरत राहते. एक्सजे दिलं की ही दारं वगळली जातात.

सुरू करायच्या आधी एकच गोष्ट बघा. फोल्डरांची किंवा फाइलींची नावं हिरव्या अक्षरांत दिसतात का, किंवा चित्रावर बारीकसं कुलूप आहे का? तसं असेल तर थांबा आणि इथे लिहा. ते एन्क्रिप्शन असतं. त्याची किल्ली जुन्या विंडोजमध्ये, बाबांच्या खात्यात आहे, आणि मालकी घेऊन ते उघडत नाही. जुनं विंडोज त्या डिस्कवर शाबूत आहे, हाच तेव्हा आधार.

जुनी वही | बुधवार, सकाळी 7:15

एवढ्या खटाटोपाऐवजी राइट-क्लिकमध्ये ‘टेक ओनरशिप’ येणारी छोटी फाइल मिळते, ती टाका. मी तीच वापरते, दोन क्लिकमध्ये काम होतं.

कळफलक | बुधवार, सकाळी 8:50

जुनी वही, तुमचं काम झालं हे खरंच. तुमच्याकडे दुसरी प्रत असेल आणि डिस्क धडधाकट असेल तर मीही अडवणार नाही. पण तो पर्याय एकदा मेनूत आला की हात सवयीने विंडोजच्या स्वतःच्या फोल्डरवरही जातो. तिथली मालकी ‘ट्रस्टेडइन्स्टॉलर’ या विंडोजच्याच आतल्या खात्याकडे असते, ती तशीच राहू द्यावी लागते. ती काढून घेतल्यावर अपडेट होईनासे झालेले लॅपटॉप माझ्या टेबलावर येतात.

पेंग्विनमित्र | बुधवार, दुपारी 1:20

कळफलक यांच्याशी सहमत. माझ्याकडून आणखी एक वाट: पेनड्राइव्हवरून लिनक्स मिंट (विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम) लाइव्ह चालू करा, इन्स्टॉल करू नका. लिनक्स एनटीएफएस, म्हणजे विंडोजच्या मांडणीची, डिस्क वाचतं, पण विंडोजची ती यादी साधारणपणे मनावर घेत नाही, त्यामुळे सगळी फोल्डरं उघडी दिसतात. डिस्क ‘रीड-ओन्ली’ जोडा म्हणजे चुकूनही काही लिहिलं जाणार नाही. जुनं विंडोज हायबरनेटमध्ये असताना डिस्क काढली असेल तर लिनक्स लिहिण्यासाठी जोडायला नकार देतं. त्या नकाराला कारण असतं, जबरदस्तीने जोडू नका. आपल्याला वाचायचंच आहे.

नंबरांचा घोळ लिनक्समध्येही तसाच आहे. तिथे त्याला यूआयडी म्हणतात. मिंट, उबुंटूत पहिल्या युजरला 1000 मिळतो, म्हणून ‘होम’चं, म्हणजे युजरच्या फाइलींचं, वेगळं पार्टिशन न पुसता पुन्हा इन्स्टॉल केलं आणि पहिलंच खातं आपलं केलं, तर सगळं आपोआप जुळतं. पण फेडोरा या लिनक्सच्याच दुसऱ्या प्रकारात पूर्वी पहिला नंबर 500 असायचा. 2011 च्या शेवटी आलेल्या फेडोरा 16 पासून तो 1000 झाला. माझ्या लॅपटॉपवर फेडोरा 14 होतं. मिंट टाकल्यावर माझ्याच घरात मला एक अक्षर लिहिता येईना. ‘एलएस’ला वजा एलएन जोडून बघितलं तेव्हा मालकाच्या रकान्यात नावाऐवजी 500 दिसलं आणि उलगडा झाला.

तेव्हा मी जे केलं ते इथे लिहितो, कारण नेटवर तोच सल्ला जागोजागी मिळतो: सगळ्याला 777, म्हणजे कुणालाही सगळं करायची परवानगी, द्या. रात्री एकच्या सुमारास ‘सुडो चमोड वजा आर 777’ (अॅडमिनच्या अधिकाराने आतपर्यंत सगळ्याची परवानगी बदल) टाइप केलं आणि स्लॅशनंतर एक स्पेस पडली. म्हणजे होम फोल्डरऐवजी पूर्ण सिस्टिम. रिकर्सिव्ह ‘चमोड’ स्लॅशवर आपणहून थांबत नाही. आठ-दहा सेकंदांत थांबवलं. पुढच्या वेळी सुडो लिहिलं तर उत्तर आलं की सुडोची मालकी शून्य नंबराकडे आणि सेटयूआयडी बिट (प्रोग्रामला मालकाच्या अधिकाराने चालू देणारी खूण) लावलेलं पाहिजे. 777 देताना तेच बिट निघून गेलं होतं. ज्या अधिकाराने दुरुस्ती करायची, तोच गेला. शेवटी सिस्टिम पुन्हा टाकावी लागली. होम वेगळ्या पार्टिशनवर होतं म्हणून फोटो वाचले.

खरं औषध एका ओळीचं होतं: फक्त माझ्या होम फोल्डरला ‘चोन’ या मालक बदलणाऱ्या कमांडने माझा नवा नंबर देणं.

हडसनकाठ | बुधवार, रात्री 8:00 (इथे सकाळ)

न्यू जर्सीहून लिहितोय. मॅकवाल्यांसाठी थोडी भर. माझं 2012 चं मॅकबुक प्रो मी असंच पुन्हा उभं केलं. मॅकवर पहिल्या युजरचा नंबर 501. जुनी डिस्क बाहेरून जोडल्यावर परवानगी नाही म्हणाली, तर डिस्कच्या चित्रावर ‘गेट इन्फो’ उघडा आणि अगदी खाली ‘इग्नोर ओनरशिप ऑन धिस व्हॉल्यूम’वर खूण करा. डिस्कवर एकही फाइल न बदलता सगळं वाचता येतं. पूर्वी डिस्क युटिलिटीत ‘रिपेअर परमिशन्स’चं बटण असायचं, ते 2015 च्या एल कॅपिटनपासून काढलं. शिवाय ते सिस्टिमच्या फाइलींसाठी होतं, आपल्या कागदपत्रांसाठी कधीच नव्हतं.

मॅकओएसचा जुना इन्स्टॉलर ‘डॅमेज्ड’ म्हणाला तर घाबरू नका. 24 ऑक्टोबर 2019 ला त्या इन्स्टॉलरांच्या प्रमाणपत्राची मुदत संपली. नव्याने उतरवून घ्या, किंवा नेट बंद करून टर्मिनलमधून तारीख मागे न्या.

ओवीसंग्रह, तुमचं पुढे काय झालं ते नक्की लिहा. माझी आजी पण ओव्या म्हणायची.

ओवीसंग्रह | बुधवार, रात्री 11:10

सगळ्यांचे मनापासून आभार. आज 1 टीबीची डिस्क आणली. हिरवी अक्षरं कुठेही नाहीत, कुलूपही नाही. कळफलक, तुम्ही सांगितलं तसंच रोबोकॉपी चालवलं. दोन वेळा अधिकार नाही म्हणून एरर आला. मग लक्षात आलं की खिडकी अ‍ॅडमिन म्हणून उघडलीच नव्हती. बंद करून नीट उघडली आणि फाइलींची नावं भराभर सरकायला लागली. साडेतीन तास लागले.

शेवटच्या हिशेबात 4,812 फाइली कॉपी आणि 3 ‘फेल्ड’. त्या तिन्हींवर ‘एरर 23’ आहे, काहीतरी ‘सायक्लिक रिडन्डन्सी चेक’. तिन्ही रेकॉर्डिंगं आहेत. त्या तिघांना वेगळी परवानगी लागेल का?

कळफलक | गुरुवार, सकाळी 8:15

नाही ताई. आकडे महत्त्वाचे आहेत. एरर 5 म्हणजे परवानगी नाही. 23 म्हणजे डिस्कला ती जागा वाचताच येत नाहीये, पत्रा खराब झालाय. यावर कसलीही परवानगी देऊन उपयोग नाही. तुमची हिरवी पट्टी अर्ध्यावर अडत होती, ती मला वाटतं याच जागेवर अडत असावी. तेव्हा ‘टेकओन’ तासन् तास त्या डिस्कवर चालवलं असतं तर काय झालं असतं, याचा मला विचारही करवत नाही.

क्रिस्टलडिस्कइन्फो हा डिस्कची तब्येत दाखवणारा प्रोग्राम टाकून बघा. पिवळा रंग आणि ‘कॉशन’ दिसेल, असा माझा अंदाज आहे. त्यानंतर डिस्क कॅडीतून काढा. चालू ठेवू नका, ‘चेकडिस्क’ तर मुळीच नको. ते फाइल सिस्टिम जुळवण्यासाठी बिघडलेल्या भागातल्या नोंदी तोडून टाकतं.

पेंग्विनमित्र, पुढचं तुम्ही सांगा, ‘डीडीरेस्क्यू’ तुमच्या हाताखालचं आहे.

पेंग्विनमित्र | गुरुवार, सकाळी 10:40

नक्की. लाइव्ह पेनड्राइव्हवरून करायचं. डीडीरेस्क्यू फाइल बघत नाही, डिस्क सुरुवातीपासून शेवटपर्यंत जशीच्या तशी दुसऱ्या डिस्कवर एका इमेज फाइलमध्ये उतरवतं. पहिल्या फेरीत वजा एन द्या, म्हणजे चांगलं आहे ते पटापट घेऊन वाईट जागा सोडून देईल. दुसऱ्या फेरीत वजा आर 3, म्हणजे सोडलेल्या जागांवर तीन-तीन प्रयत्न. दोन्ही वेळा नोंदवहीच्या फाइलचं नाव एकच द्या. कुठे काय वाचलं याची नोंद त्यात राहते, मध्येच वीज गेली तरी तिथूनच पुढे सुरू होतं. इमेजला 500 जीबी मोकळी जागा लागेल. स्रोत कुठला आणि कुठे लिहायचं, हे तीनदा तपासा. चुकून उलटं दिलं तर बाबांच्या डिस्कवर लिहिलं जाईल. ‘एलएसबीएलके’ने डिस्कांचा आकार बघून खात्री करा, 500 वाला (तिथे तो साधारण 465 दिसतो) स्रोत.

डिस्क गरम होत असेल तर शेजारी टेबलफॅन लावा. फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला कोणी देईल, तो ऐकू नका, आत दव धरतं.

घाटमाथा | गुरुवार, दुपारी 4:00

माझ्याकडे मराठी नावांच्या फाइलींची वेगळीच अडचण आली होती, ती इथेच लिहितो. विंडोजमधून मिंटवर कॉपी करताना काही फाइली ‘फाइल नेम टू लाँग’ म्हणून मागे राहिल्या. मला वाटलं परवानगी. कारण असं: विंडोजच्या एनटीएफएसवर नावात 255 अक्षरं चालतात, लिनक्सच्या ईएक्सटी4 वर 255 बाइट, आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेतं. म्हणजे 85 चिन्हंच. मात्रा आणि हलंतही वेगळे मोजले जातात. ‘क्षेत्रीय’ हा शब्द दिसतो तीन अक्षरांचा, पण आत नऊ चिन्हं, 27 बाइट. इन्स्टॉल करताना होम फोल्डर एन्क्रिप्ट केलं असेल तर मर्यादा 143 बाइटवर येते, जेमतेम 47 चिन्हं. ओव्यांच्या फाइलींना पहिली ओळ नाव म्हणून दिली असेल तर हे नक्की भेटेल. कॉपीआधी नावं आखूड करून घ्या.

ओवीसंग्रह | रविवार, संध्याकाळी 6:30

उशिरा लिहितेय, क्षमस्व. दोन रात्री डीडीरेस्क्यू चाललं. तीनपैकी दोन रेकॉर्डिंगं पूर्ण निघाली. तिसऱ्यात मध्ये काही सेकंद खरखर आहे, पण पुढचं सगळं ऐकू येतं.

घाटमाथा, तुम्ही लिहिलंत तसंच निघालं. 2014 नंतरच्या फाइलींना बाबांनी ओवीची पहिली ओळच नाव म्हणून दिली होती. मी सध्या विंडोजमध्येच आहे, पण विंडोज 10 चा सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपलाय आणि या लॅपटॉपवर 11 रीतसर बसत नाही, त्यामुळे पुढे मिंटच टाकणार. नावं आधीच आखूड करतेय. मूळ नाव फाइलच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवते.

एक नवीन प्रश्न आला होता, तो सुटलासुद्धा. 2011 ते 2013 च्या वर्डच्या फाइली उघडल्या तर नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं. मला वाटलं याही खराब झाल्या. मग आठवलं, बाबा तेव्हा श्रीलिपीत, म्हणजे युनिकोड न वापरणाऱ्या जुन्या मराठी फॉन्टांत, टाइप करायचे. फाइलमध्ये फॉन्टच्या नावाच्या जागी श्री-देव-0714 दिसलं. डिस्कच्या इमेजमधल्या विंडोजच्या ‘फॉन्ट्स’ फोल्डरातून ते फॉन्ट घेतले, इथे टाकले आणि पान डोळ्यांसमोर मराठीत उभं राहिलं. त्या फाइली आता युनिकोडमध्ये आणायचं काम हळूहळू करतेय. रूपांतरात रफार आणि पोटफोड्या ष चुकतात, म्हणून प्रत्येक ओवी मूळ पानाशी ताडून बघते. आतापर्यंत चाळीस झाल्या.

कळफलक | रविवार, रात्री 9:00

उत्तम. ताई, जुनी डिस्क टाकून देऊ नका, पिशवीत घालून कोरड्या जागी ठेवा. आणि इमेजची दुसरी प्रत घराबाहेर कुठेतरी हवी.

ओवीसंग्रह | सोमवार, सकाळी 7:50

ठेवली आहे, बाबांच्या टेबलाच्या खणात, तारीख लिहून. दुसरी प्रत आज भावाबरोबर पुण्याला जातेय. काल रात्री आईचं रेकॉर्डिंग आम्ही दोघांनी ऐकलं. चौतीस मिनिटांचं आहे. मध्ये एकदा ती ओवी विसरते, आणि मागून बाबा हळू आवाजात पुढचा शब्द सांगतात.